शहराचं नाव घ्यायचं नाही

रेडिओत नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझा आवाज नीट ऐकतो आणि मग त्याचा चेहरा पडतो. माझा आवाज बसका आहे, शाळेतही मला समूहगीतात मागच्या रांगेत उभं करत. मी बोलणारी नव्हतेच. मी काचेपलीकडे बसणारी, कार्यक्रमाची निर्माती. कोणाचा फोन घ्यायचा, किती वेळ चालू ठेवायचा, गाणं कधी लावायचं, बोलणारीला कधी खूण करायची, हे माझं काम. कार्यक्रम रंगला तर श्रेय बोलणारीचं आणि मध्येच शांतता पसरली तर चूक माझी. रेडिओत शांततेएवढा मोठा गुन्हा नाही.

पुण्यात खाजगी एफएम रुळायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. हिंजवडीकडे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. शहरात रोज नवी मुलं-मुली उतरत होती आणि इथली मुलं त्याच कामासाठी अमेरिकेला जात होती. म्हणजे एकीकडे खोली घेऊन राहणारी एकटी पोरं आणि दुसरीकडे तीन खोल्यांत उरलेले एकटे आईबाप. सकाळी अकरा ते एकच्या वेळेत काय लावावं हे आमच्या स्टेशनला सुचत नव्हतं, म्हणून ती वेळ आम्हाला मिळाली. आम्ही तिथं ‘शेजार’ हा कार्यक्रम सुरू केला.

बोलायला नंदाताई होत्या. कर्वेनगरच्या एका शाळेत त्या मराठी शिकवायच्या. स्टेशनच्या एका स्पर्धेला परीक्षक म्हणून आल्या आणि स्पर्धकांपेक्षा त्याच लोकांच्या लक्षात राहिल्या. शाळा सोडून रेडिओत यायचं त्यांनी दोन दिवसांत ठरवलं. त्यांच्या बोलण्यात गोडवा नावालाही नव्हता. एका गृहस्थांनी फोन करून तक्रार केली की तुमची गाणी फार मोठ्या आवाजात असतात. नंदाताई म्हणाल्या, “आवाज कमी करायचं बटण तुमच्या रेडिओला आहे हो, आमच्याकडे नाही.” ते गृहस्थ पुढं रोज फोन करायला लागले. पुणेकर अपमानाला आपुलकी समजतो, हे आम्हाला माहीत होतं.

कार्यक्रमात तसं काही नसायचं. लोक फोन करत, नंदाताई बोलत, मध्ये गाणी. बातम्या द्यायची आम्हाला परवानगी नव्हती. पण कोणाच्या सोसायटीच्या फाटकात कोणी गाडी आडवी लावली ही काही बातमी नव्हे. एकदा अशाच एका अडकलेल्या माणसाचा फोन आला. नंदाताईंनी सोसायटीचं नाव घेऊन सांगितलं की गाडीच्या मालकांनी खाली यावं, एक गृहस्थ फाटकात उभे आहेत आणि सध्या रेडिओवर आहेत. मालक रेडिओ ऐकतच बसले होते. ते खाली आले आणि त्या दोघांचं भांडण सगळ्या पुण्यानं ऐकलं. मी तेव्हा गाणं लावायला हवं होतं, असं नंतर वरिष्ठ म्हणाले. मला नाही वाटत.

कात्रजच्या एका आजींचा फोन मात्र वेगळा होता. त्या एकट्या राहत. दाराची कडी आतून अडकली होती, गॅसवर दूध होतं, स्वयंपाकघराबाहेर पाय घसरून त्या पडल्या होत्या आणि हाताशी फक्त फोन होता. मुलगा सिंगापूरला. त्यांना दुसरा कुठलाच नंबर आठवला नाही, आमचा आठवला. नंदाताईंनी इमारतीचं नाव विचारलं, तेच थेट रेडिओवर सांगितलं आणि आजींशी बोलत राहिल्या, कुठली डाळ महाग झाली वगैरे. थोड्याच वेळात फोनमधून दारावर धक्के मारल्याचा आवाज आला. तीन इमारतींतली माणसं आली होती. नंदाताई फक्त म्हणाल्या, “आजी, आता फोन ठेवा आणि दूध बघायला सांगा कोणाला तरी.”

आणि लोणी काळभोरचे दत्तूमामा. आयुष्यभर ट्रक चालवला. सोलापूर रस्त्यावरच अपघात झाला आणि कमरेखालचं अंग गेलं. पलंगावर पडल्या पडल्या ते रेडिओ ऐकत. पहिल्यांदा फोन केला तो आमची चूक सुधारायला. कोणी तरी म्हणालं होतं की अमुक घाट आता बंद आहे. मामा म्हणाले, “बाई, बंद न्हाई, एका बाजूनं चालू हाय. माझ्या बरोबरीचा डायव्हर सकाळीच उतरलाय तिथनं.” मग ते रोजचेच झाले. नंदाताईंना ते बाई म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं.

मामांनी सगळे रस्ते पाहिले होते आणि ते त्यांना तोंडपाठ होते. एकदा वर्ध्याची एक मुलगी फोनवर बोलायला आली. कर्वेनगरला खोली घेऊन राहायची, कंपनीत कामाला. तिच्या बोलण्याला ऑफिसातले लोक हसायचे म्हणून तिनं मराठी बोलणंच सोडलं होतं. इतकं सांगून ती गप्प झाली. मामा दुसऱ्या लाइनवर होते, मी त्यांना जोडून दिलं. त्यांनी तिला विचारलं, वर्ध्याहून हिंगणघाटला जाताना अमुक वळणावर एक चहाची टपरी होती, ती हाय का अजून? मुलगी म्हणाली, “हो ना मामा, तिथंच तं माहे बाबा बसतात रोज.” आणि मग ती बोलत सुटली. तिचं ते बोलणं मी थांबवलं नाही, जाहिरात चुकली तरी.

हे असं चार-पाच वर्षं चाललं. मग मुंबईहून मल्होत्रा आले.

मल्होत्रा आमच्या कंपनीच्या सगळ्या शहरांतल्या कार्यक्रमांचे प्रमुख. चांगला माणूस होता, हे आधी सांगते. त्यांनी आमचा कार्यक्रम बसून ऐकला. मराठी अर्धीच कळत होती, तरी आजींच्या प्रसंगाचं ध्वनिमुद्रण ऐकून त्यांचे डोळे पाणावले. ते म्हणाले की हा कार्यक्रम फक्त पुण्याचा राहणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आता एकाच ठिकाणाहून देशभरच्या स्टेशनांवर कार्यक्रम पाठवता येतो, तर हा हिंदीत करू, सगळा देश ऐकेल.

मला ते पटलं नाही, पण माझं मत कोणी विचारलं नाही. नंदाताईंना विचारलं आणि त्यांनी एका क्षणात होकार दिला. त्यांना किती आनंद झाला होता ते मी पाहिलं आहे. त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टेशनला पेढे वाटले. मला म्हणाल्या, “सुनीता, मी आयुष्यभर एका वर्गात शिकवलं. मग एका शहराशी बोलले. आता देश म्हणतोय बोल, तर मी नाही का म्हणू?” लोक नंतर म्हणाले की कंपनीनं त्यांना फसवलं. तसं नव्हतं. ते त्यांना स्वतःलाच हवं होतं.

नियम आले. पहिला नियम, शहराचं नाव घ्यायचं नाही. कात्रज म्हटलं तर जयपूरच्या माणसाला ते परकं वाटेल. पाऊस पडतोय असं म्हणायचं नाही, कारण सगळीकडे पडत नसतो. वाजले किती हे सांगायचं नाही, कारण कार्यक्रम थेट जाणार नव्हता. नंदाताईंचं बोलणं आधी ध्वनिमुद्रित करून संगणकावर गाण्यांच्या मध्ये मध्ये बसवायचं. लोकांचे फोनही तसेच. त्यांनी मुंबईच्या एका नंबरावर निरोप ठेवायचा, तिथली माणसं त्यातले निवडणार, छाटणार आणि आमच्याकडे पाठवणार. म्हणजे विचारणाऱ्यानं परवा विचारलेलं नंदाताईंनी आज ऐकायचं आणि उत्तर त्याला उद्या ऐकू जायचं.

हिंदी नंदाताईंना येत नव्हती असं नाही. पुस्तकी येत होती. पण त्यांचा तो कोरडेपणा हिंदीत गेला की नुसता उद्धट वाटे. मराठीत ज्यावर लोक हसले असते त्यावर हिंदीत लोक दुखावले. मुंबईहून सूचना आली की जरा प्रेमानं बोला. त्या प्रेमानं बोलू लागल्या आणि ते ऐकवेना. काचेपलीकडून मी पाहत होते, एखाद्या वाक्यावर त्यांच्या ओठांवर नेहमीचं काही तरी यायचं आणि त्या ते गिळायच्या.

आणि मुंबईच्या नंबरावर निरोप ठेवणारे आमचे दत्तूमामा कोणाच्या ध्यानीमनी नसताना गाजले. ट्रकवाल्याची हिंदी ती, पंजाबपासून आंध्रापर्यंत घासलेली. अस्खलित नव्हती, पण जिवंत होती. पहिल्याच आठवड्यात मुंबईहून विचारणा झाली की हे गृहस्थ कोण? मामांना रोज फोनवर बोलवू लागले. नंदाताईंनी मनापासून आनंद मानला. मामाही खूश. लोणीत लोक त्यांना बघायला येऊ लागले. कधी तरी इंदूरच्या, कधी लुधियानाच्या माणसानं त्यांची आठवण काढलेली त्यांना ऐकवली जायची आणि ते मला फोनवर विचारायचे, “सुनीताताई, त्या इंदूरवाल्याला म्या इचारलं ना गाव कोनचं, त्याचं काय उत्तर आलं?” उत्तर येत नसे. तसा मार्गच नव्हता. हे मी त्यांना अनेकदा समजावलं, ते हो म्हणत आणि पुन्हा विचारत.

इकडे आमच्या पुण्याच्या जुन्या नंबरावर फोन येतच होते. लोक विचारत, नंदाताईंना काय झालं, त्या अशा का बोलतात? काही जण रागावलेले, बहुतेक काळजीत. ते फोन मी घ्यायचे. हळूहळू ते कमी झाले. मग तो नंबर बंद झाला.

एक दिवस मुंबईहून आलेल्या निरोपांत एका बाईचा निरोप होता. तो छाटणीत कसा सुटला ठाऊक नाही. ती हळू आवाजात, कोणी ऐकू नये असं बोलत होती. म्हणाली की घरात तिला मारतात, आज तिला फार भीती वाटते आहे, तुमच्या कार्यक्रमात लोक मदत करतात असं तिनं ऐकलं आहे. शेवटी म्हणाली, “आप सुन रही हैं न?” आणि निरोप संपला. नाव नाही, गाव नाही. आमच्याच नियमानं गावाचं नाव छाटलं गेलं असेल की तिनं सांगितलंच नसेल, कोण जाणे. निरोप तीन दिवसांपूर्वीचा होता.

नंदाताईंनी तो पुन्हा ऐकला. मग मल्होत्रांना फोन लावला आणि म्हणाल्या की मला आत्ता, थेट बोलायचं आहे, तिला विचारायचं आहे कुठं आहेस. मल्होत्रा शांतपणे म्हणाले की कार्यक्रम थेट नाही, आणि अशा गोष्टीत कंपनी पडली तर कायद्याचा प्रश्न येतो. नंबर शोधून पोलिसांकडे देऊ. दिला की नाही ते आम्हाला कळलं नाही. आम्ही विचारत राहिलो, तेव्हा सांगितलं की ते आता कायदा विभागाकडे आहे. त्या बाईचं पुढं काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही. नोकरीत इतकी वर्षं काढली, इतके आवाज ऐकले, पण रस्त्यानं चालताना अजून कधी कधी तिचाच ऐकू येतो.

नंदाताई त्यानंतर काही आठवडे येत राहिल्या. ठरलेलं बोलायच्या, उठून जायच्या. मग त्यांनी मल्होत्रांना सांगितलं की मला आता जमणार नाही. त्यांना वाटलं असावं की कोणी तरी थांबा म्हणेल. मल्होत्रा ‘ठीक आहे’ म्हणाले. मुंबईत एक मुलगी आधीच तयार करून ठेवलेली होती. चांगली बोलायची ती. कार्यक्रमाचं नावही तेवढ्यात बदललं. शेजार या शब्दाचा अर्थ बाकी देशाला कळत नव्हता, हे खरंच होतं.

मामा मात्र त्यात होते. पण त्यांचंही आता वेगळं झालं होतं. मुंबईहून कोणी तरी वाक्यं लिहून पाठवायचं, आठवड्यातून एकदा मी ती फोनवर सांगायची आणि मामांनी म्हणायची. ट्रकवाल्याचे विनोद होते ते. बायकोला भिणारा, ढाब्यावर भांडणारा, असा एक ‘चाचा’ त्यांनी मामांचा करून टाकला होता. मोठ्यानं हसा, असं त्यात लिहिलेलं असायचं. मामा हसायचे. अजून मोठ्यानं हवं होतं, असं उत्तर यायचं, की मामा पुन्हा हसायचे.

मग श्रोत्यांची पाहणी झाली. ज्यांनी मामांना डोक्यावर घेतलं त्यांनाच त्यांचा कंटाळा आला होता. भाग बंद करा, असा निरोप मला आला. मामांना कोणी कळवायचं हे त्यात नव्हतं. फोनवर सांगायला मन होईना, म्हणून मी बसनं लोणीला गेले.

ध्वनिमुद्रणाचा दिवस होता. मामांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मला बघून ते चकित झाले. त्यांच्या बायकोनं, शालनमावशींनी, खुर्ची पुसून दिली. उशाशी रेडिओ हळू आवाजात चालू होता. मी पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. “मामा, त्यांनी तुमचा भाग बंद केलाय.”

त्यांनी शर्टाची बाही नीट केली. मग म्हणाले, “माझं काय चुकलं?”

“तुमचं काही नाही चुकलं. त्यांना नवं काही तरी हवंय.”

त्यांनी मान हलवली. जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. “मग बरंच झालं की. आपलं मराठीत करू पयल्यासारखं. बाई येतील ना?”

मला याचंच भय वाटत होतं. मी म्हणाले, “ती वेळच आता आपली राहिली नाही, मामा. अकरा वाजता जे लागतं ते मुंबईहून येतं. इथून काही जातच नाही.”

“काहीच न्हाई?”

“जाहिराती जातात.”

शालनमावशी चहा करायला उठल्या तेव्हा मामांनी हातानं खूण करून रेडिओ बंद करायला सांगितला. मावशींनी बंद केला. चहा पिऊन मी निघाले. मामांनी बसची वेळ सांगितली आणि कुठल्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही तेही सांगितलं.

नंदाताईंना मी हे कळवलं. त्या तोवर घरी शिकवण्या घेत होत्या. त्या म्हणाल्या की रेडिओ नाही तर नाही, मी मामांना घरून फोन करीन, रोज अकरा वाजता. त्यांनी केलाही. पण ते चाललं नाही. त्यांनीच मला पुढं सांगितलं. “अगं, दोघंही तेच, फोन तोच, पण बोलणं होईना. तब्येत कशी, जेवलात का, इथंच थांबतं. आम्ही एकमेकांशी बोलत होतो असं मला वाटायचं. ते तसं नव्हतंच. आमचं बोलणं सगळे ऐकत होते म्हणून होत होतं.” फोन रोजचा आठवड्यावर गेला आणि मग राहूनच गेला. यात दोघांचाही दोष नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. मला ते महिनाभरानं कळलं, कारण शालनमावशी स्टेशनवर आल्या. मी तेव्हा जाहिराती ध्वनिमुद्रित करायच्या विभागात होते. पहारेकऱ्यानं त्यांना खालीच बसवून ठेवलं होतं. मी त्यांना वर आणलं. त्या म्हणाल्या, “त्यांचं बोलणं हवं हुतं. घरातल्यावानी बोलायचे ना बाईंसंगं, ते. नातवंडांला ऐकवायला.”

मी त्यांना बसायला सांगून शोधू लागले. खाजगी स्टेशन सगळं जपून ठेवत नाही. जे रेडिओवर गेलं ते काही महिने ठेवायचं आणि मग पुसायचं, असा रिवाज असतो, नाही तर यंत्रात जागा राहत नाही. पण ‘शेजार’चं थोडं तरी राहिलं असेल अशी मला आशा होती. आजींचा तो प्रसंग, वर्ध्याच्या मुलीचा. मी सगळे संगणक पाहिले, तंत्रज्ञ मुलांना विचारलं, मुंबईला फोन केला. देशभरचा कार्यक्रम सुरू करताना जागा हवी होती, तेव्हा पुण्याचं मराठीतलं सगळं पुसलं होतं. मामांच्या नावानं एकच गोष्ट निघाली. स्टेशनच्या स्वतःच्या जाहिरातीत वापरलेला चाचांचा एक विनोद, हिंदीत, आणि शेवटी ते मोठ्यानं हसणं.

मी मावशींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, जे हाय ते ऐकवा. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि बटण दाबलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. हसणं आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“आवाज त्यांचाच हाय,” त्या म्हणाल्या. “पर असं ते कधी हासलेच न्हाईत घरात.”

मी विचारलं, हे सीडीवर घालून देऊ का? त्यांनी नको म्हणून मान हलवली. हेडफोन काढायला मी हात पुढं केला, तर त्यांनी तो धरला आणि म्हणाल्या, अजून एकदा लावा. मी लावलं. बाहेर पुढच्या जाहिरातीची माणसं येऊन थांबली होती, काचेतून घड्याळ दाखवत होती. मी त्यांच्याकडे पाठ केली. मावशींनी पुन्हा बोट वर केलं आणि मी पुन्हा लावलं.